सातबाऱ्याबाहेरची माणसे : यावलच्या केळीपट्ट्यातील शेतमजुराचा प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेस तापीच्या पात्राकडे उतरत गेलेला यावल तालुका नकाशावर पाहिला तर फार मोठा नाही. परंतु रावेर, मुक्ताईनगर आणि चोपडा ह्या जवळच्या तालुक्यांसह त्याने जो केळीचा पट्टा सिद्ध केला आहे, त्याची कीर्ती दिल्लीच्या बाजारापासून आखाती देशांपर्यंत पोहोचली असून, २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. ह्या कीर्तीचे श्रेय वाटताना काळ्या मातीचे, विहिरींच्या पाण्याचे, लेवा पाटील व गुजर शेतकऱ्यांच्या उद्योगशीलतेचे, ठिबक सिंचनाचे आणि उतिसंवर्धित रोपांचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे, आणि ते यथार्थही आहे. मात्र ज्यांच्या डोक्याखांद्यावरून ही केळी बागेतून रस्त्यावर येतात, त्या माणसांचा विचार बहुधा रोजाच्या दरापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. दराचा प्रश्न मूलभूत आहे हे मान्य करूनच, त्याच्या आड राहून गेलेल्या काही गोष्टींकडे, म्हणजे शेतमजुराला कोण शिकवितो, त्याला कोण विचारतो आणि शेतीच्या दप्तरात त्याचे नाव कोठे लिहिले जाते ह्यांकडे, येथे पाहावयाचे आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातील शेतमजुरांची संख्या (१४.४३ कोटी) शेतकऱ्यांच्या संख्येच्या (११.८८ कोटी) पुढे गेलेली प्रथमच दिसली. तेव्हापासून 'शेतकरी' ह्या शब्दाने ज्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते तो मनुष्य शेतात राबणाऱ्यांपैकी अल्पसंख्य ठरला आहे. आपली धोरणे व आपली भाषणे मात्र अद्याप जुन्याच चित्रावर चालली आहेत. यावल परिसरात हा मजूरवर्ग एकजिनसी नाही. पायथ्याच्या गावांतील तडवी, पाड्यांवरील पावरा व बारेला, तापीकाठचे कोळी, गावोगावच्या दलित वस्त्या, आणि सातपुडा ओलांडून मध्यप्रदेशाच्या खरगोन-बडवानी भागातून येऊन शेतातल्याच खोपीत संसार मांडणारी बारेला कुटुंबे, अशी त्याची घडण आहे. ह्यांपैकी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या मजुराचे, साल आखाजीस (अक्षय्य तृतीयेस) ठरते. सालाची रक्कम, धान्य, अंगावरची उचल आणि मागील बाकी ह्यांचा हिशेब त्या दिवशी तोंडी होतो, आणि कागद झालाच तर तो उचलीपुरता होतो. कामाचे तास, आजारपणाचे दिवस, अपघात झाल्यास खर्च कोणी करावयाचा, ह्यांविषयी काही लिहिण्याची चाल नाही. सालदारांची संख्या अलीकडे घटत चालली असून त्यांची जागा मुकादमाच्या टोळीने व उक्त्या कामाने घेतली आहे. जुन्या सालदारकीचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही, कारण उचलीच्या बळावर माणसास बांधून ठेवण्याचा जो प्रकार १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरविला, त्याची छाया तिच्यावर कायम राहिली आहे. परंतु एवढे म्हणावेच लागते की सालदार मालकास नावाने ठाऊक असे, आणि टोळीतला मजूर त्यास आकड्याने ठाऊक असतो.

ह्या प्रश्नाचा राजकीय उच्चार फार पूर्वी, आणि तोही यावल तालुक्यातच झाला, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी फैजपूर येथे काँग्रेसचे जे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन होते. अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू होते; बांबू, चटया आदी देशी साहित्याने नंदलाल बोस ह्यांनी ती नगरी सजविली होती; मनमाडहून पायी निघालेला किसानांचा मोर्चा तेथे येऊन पोहोचला होता; आणि त्याच सुमारास त्याच ठिकाणी प्रा. रंगा ह्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही झाले. फैजपूरचा जो तेरा कलमी शेतीविषयक कार्यक्रम म्हणून प्रसिद्ध आहे त्यात सारामाफी, कर्जमुक्ती, वेठबिगारीचे उच्चाटन, सहकारी शेती ह्यांच्याबरोबरच शेतमजुरांस निर्वाहापुरती मजुरी व कामाची योग्य परिस्थिती कायद्याने मिळवून द्यावी असे एक स्वतंत्र कलम होते. ते कलम मोलाचे होते ह्यात शंका नाही. तथापि तो कार्यक्रम मुख्यतः कुळाचा आणि लहान शेतकऱ्याचा होता. मजुराचे हित त्यात इतरांनी चिंतिले होते.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी हाच कित्ता गिरविला. १९४८ च्या कुळकायद्याने कुळास जमीन मिळाली, पण जो कुळही नव्हता आणि मालकही नव्हता तो जेथल्या तेथे राहिला. त्याच वर्षीच्या किमान वेतन कायद्याने शेतीचा समावेश आपल्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात केला. परंतु कारखान्याच्या दारावर उभा राहून हजेरीपट तपासणारा निरीक्षक बांधाबांधावर कसा फिरणार, ह्याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते आणि आजही समाधानकारक रीतीने कोणाजवळ नाही. मजुराच्या स्वतःच्या नावाने सरकारी दप्तरात पहिली ठळक नोंद झाली ती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तार पावलेल्या रोजगार हमी योजनेमुळे. १९७७ च्या कायद्याने तिला अधिष्ठान मिळाले. ह्या योजनेवर टीका पुष्कळ झाली, आणि बोगस हजेरीच्या कथाही काही थोड्या नाहीत. पण गावातल्या बागायतदाराखेरीज दुसरा कोणी काम देणारा असू शकतो, आणि त्याच्या मस्टरावर आपला अंगठा उमटतो, ही जाणीव त्या योजनेने खान्देशच्या मजुरास करून दिली.

मात्र मजुराच्या शिक्षणाचा खरा अध्याय खान्देशात सरकारने लिहिला नाही, तो शहाद्यात लिहिला गेला. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण त्या काळी तो धुळे जिल्ह्याचा तालुका होता. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे भिल्लांवर झालेल्या गोळीबारानंतर, अंबरसिंग सुरतवंती ह्या भिल्ल कार्यकर्त्याने आधीच सुरू केलेल्या कामास सर्वोदयी मंडळींची व पुण्यामुंबईकडील तरुणांची जोड मिळाली. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन आलेले कुमार शिराळकर त्या तरुणांपैकी एक होत. सालदारांची मजुरी, हातच्या गेलेल्या जमिनी आणि बागायतदारांच्या पीक संरक्षण सोसायट्यांची दहशत हे लढ्याचे विषय होते, आणि त्यांविषयी गेल ऑम्वेट, मारिया मीस आदी अभ्यासकांनी विस्ताराने लिहिले आहे. येथे आपणास प्रयोजन आहे ते त्या संघटनेच्या शिबिरांशी. गावोगावची तरुण मंडळे आणि ही शिबिरे ह्यांतून जमिनीच्या नोंदी, सावकारी, मजुरीचे कायदे ह्यांची चर्चा होत असे. ज्याचा सालाचा हिशेब मालकाच्या वहीत होता त्याने तो स्वतः मांडून पाहावा, हे त्या शिक्षणाचे सूत्र. स्त्रियांच्या शिबिरांत तर शिकविणाऱ्यांनी आणलेला विषय बाजूला पडला, आणि दारू पिऊन होणाऱ्या मारहाणीचा विषय शिकावयास आलेल्या बायांनी स्वतःच पुढे मांडला. दारूचे गुत्ते फोडण्याची मोहीम त्यातून उभी राहिली. ज्या शिक्षणात शिकणाऱ्यास अभ्यासक्रम बदलता येतो, ते शिक्षण निराळ्या जातीचे होय.

ह्या चळवळीची समीक्षा तिच्यातूनच निघाली, हेही सांगितले पाहिजे. श्रमिक संघटनेत घडलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे ह्यांनी 'स्टेज' ह्या कवितेत, आदिवासींच्या दुःखावर बोलणारे व्यासपीठावर आणि ज्यांचे दुःख ते खाली बसलेले, हा विपर्यास मांडला आहे. धुळ्याचे शरद पाटील ह्यांनी १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून जातीचा मुद्दा वर्गाच्या मुद्द्याशेजारी आणून बसविला, त्यामागेही हेच कारण होते की मजुराच्या नावाने बोलणाऱ्यांच्या सभेत मजुराची जात गैरहजर राही. शहाद्याच्या चळवळीचा जोर पुढे ओसरला. यावल-रावेरकडे तिचे वारे पूर्वीही बेताचेच पोहोचले होते, कारण येथील शेतीची घडण वेगळी. धारणा लहान, मालक अनेक, आणि बागायतीमुळे काम बारमाही. शहाद्यात एका मोठ्या बागायतदाराच्या दारात संप करता येत होता. यावलमध्ये मजूर आज ह्या बागेत असतो, उद्या त्या बागेत. संप करावयाचा कोणाविरुद्ध, हाच प्रश्न पडतो.

आता केळीच्या कामाकडे वळू. बसराई, महालक्ष्मी, श्रीमंती ह्या जातींचे कंद लावण्याचा काळ मागे पडून ग्रँड नैनची उतिसंवर्धित रोपे आली, पाटाच्या पाण्याची जागा ठिबकाने घेतली, आणि ह्या बदलात जळगावच्या जैन उद्योगसमूहाचा वाटा मोठा आहे हे सर्वश्रुत आहे. ह्या परिवर्तनाने मजुराचे काम कमी केले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी धरणारा माणूस कमी झाला, हे खरे. परंतु त्याच्या जागी गाळणी धुणारा, खताची मात्रा नळीतून सोडणारा, निसवणीच्या वेळी केळफुलात कीटकनाशकाचे इंजेक्शन देणारा, वेळेवर केळफूल मोडणारा, खालच्या फण्या विरळ करणारा, घडास पिशवी चढविणारा आणि वाऱ्याच्या बाजूने झाडास आधार देणारा माणूस लागू लागला. पावसाळ्यातील मृगबाग असो की पावसाळ्यानंतरची कांदेबाग, पिले किती ठेवावयाची व किती कापावयाची ह्यावर पुढच्या पिलबागेचे भवितव्य ठरते, आणि तो विळा मजुराच्या हातात असतो. घड दिल्लीस जावयाचा असेल तर तो केवढा भरलेला हवा आणि आखातात जावयाचा असेल तर केवढा, हे केळाच्या अंगावरील शिरा किती बोथटल्या आहेत ह्यावरून जाणणारी नजर पुस्तकातून येत नाही. ती पुष्कळ हंगामांनी येते. अशा नजरेच्या माणसास 'अकुशल' म्हणण्याची जी वहिवाट वेतनाच्या दप्तरात पडली आहे, तिच्याइतकी वस्तुस्थितीस सोडून असलेली दुसरी वहिवाट शोधून सापडणार नाही.

मग ह्या माणसास शिकविण्याची व्यवस्था काय आहे? व्यवस्थांची उणीव नाही. रावेर तालुक्यात पाल येथे सातपुडा विकास मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे; जळगावास राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे; कृषी खात्याच्या शेतीशाळा आहेत, 'आत्मा' ह्या कृषिविस्तार योजनेची प्रात्यक्षिके आहेत, खासगी कंपन्यांची शिबिरे आहेत. कृषी विज्ञान केंद्रांची कल्पना १९७३ साली नेमलेल्या ज्या मोहनसिंह मेहता समितीने आखून दिली, तिने उत्पादनवाढ व कृतीतून शिक्षण ह्या दोन तत्त्वांबरोबर दुर्बल घटकांस अग्रक्रम हे तिसरे तत्त्वही घालून दिले होते. ह्या संस्थांतील कित्येक माणसे निष्ठेने राबतात, ह्याविषयी दुमत नसावे. पण मेळाव्याचे निमंत्रण जाते ते खातेदारास. अर्जाबरोबर सातबारा व आठ-अ चा उतारा जोडावा लागतो. अलीकडे शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, तोही जमिनीशी बांधलेला. ह्याचा परिणाम असा की विरळणी कशी करावी हे मालक ऐकून येतो, मालक मुकादमास सांगतो, मुकादम टोळीस सांगतो, आणि जिच्या हातात कोयती आहे ती बाई ते तिसऱ्या तोंडून, अर्धे गळालेले, बहुधा तिची नसलेल्या भाषेत ऐकते. आपले कृषिशिक्षण सातबाऱ्याच्या मागे चालते, कामाच्या मागे चालत नाही, हा माझ्या मते ह्या सबंध प्रश्नाचा गाभा होय.

बिनजमिनीच्या माणसासाठी म्हणून जे काही झाले आहे ते निराळ्या खात्यात झाले. २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू झाली आणि तिच्यात सर्वांत मोठा भरणा शेतीत राबणाऱ्यांचाच निघाला. कौशल्य विकासाच्या योजनांतून पूर्वीच्या अनुभवास प्रमाणपत्र देण्याची सोयही झाली. परंतु कामगार खात्याची ही यादी कृषी खात्याच्या प्रशिक्षणवर्गास कधी भेटत नाही. आणि प्रमाणपत्राविषयी सांगावयाचे तर, ते दाखविल्याने एक रुपया अधिक देण्याचे बंधन ज्या बाजारात कोणावरच नाही, त्या बाजारात त्याचा उपयोग भिंतीस शोभा आणण्यापलीकडे होत नाही.

ही उणीव सर्वांत घातक ठरते ती औषधफवारणीच्या बाबतीत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत फवारणाऱ्याने घालावयाच्या संरक्षक कपड्यांचा, श्वसनरक्षक साधनांचा, वैद्यकीय तपासणीचा आणि प्रथमोपचाराचा तपशील आहे. किंबहुना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी उत्पादक, वितरक व फवारणीचा व्यवसाय करणारे ह्यांच्यावर ते नियम टाकतात. डब्यावरील चौकोनाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. अक्षर न येणाऱ्यासाठी योजिलेली ही खूण उत्तम आहे, फक्त तिचा अर्थ त्यास कोणी तरी एकदा सांगावयास हवा. पुष्कळांची समजूत अशी असते की हिरवा म्हणजे झाडासाठी आणि लाल म्हणजे अळीसाठी. आणि ती समजूत अडाणीपणाची नाही, ती न सांगितल्याची आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली आणि शेकडो रुग्णालयात गेली. त्यांत मजूर होते, तसेच स्वतः फवारणारे लहान शेतकरीही होते. त्यानंतर हातमोजे आणि तोंडपट्ट्या वाटण्यात आल्या. वैशाखात ज्या जळगाव जिल्ह्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेथे तो जाड पोशाख अंगावर ठेवून कोणी किती वेळ काम करू शकेल, हे पोशाख ठरविणाऱ्यांनी फवारणाऱ्यास विचारले असते तर फवारणीची वेळ बदलण्याची सूचना त्यानेच केली असती.

विचारण्याचा हा मुद्दा भाषेशी जडलेला आहे. मालक लेवा बोलीत बोलतो, तडवी आपल्या बोलीत, पावरा व बारेला आपापल्या बोलींत, आणि माहितीपत्रक छापले जाते प्रमाण मराठीत किंवा हिंदीत, तेही सुईच्या टोकाएवढ्या अक्षरांत. बहिणाबाई चौधरींमुळे ह्या प्रदेशाच्या शेतकरी स्त्रीची बोली मराठी साहित्यात मानाने नांदते. शेतमजुराच्या बोलींना मात्र प्रशिक्षणाच्या ध्वनिफितीतही अजून जागा मिळावयाची आहे. १९५६ साली आकाशवाणीने मराठी मुलखातील दीडशे खेड्यांत श्रोतामंडळांचा जो प्रयोग केला, त्यात कार्यक्रम ऐकून गावकऱ्यांनी चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे अशी योजना होती. उत्तरे पुढील कार्यक्रमात मिळत. माहिती खाली जाते तशी शंका वर यावी, हे तत्त्व त्या काळच्या साधनांनी साधले. आज प्रत्येक टोळीत निदान एक मोबाईल असतो आणि त्यावर संदेश येतात ते पाऊस, भाव आणि विमा ह्यांविषयी, खातेदाराच्या क्रमांकावर.

मजूर आणि मालक ह्यांच्यामध्ये ज्याचे राज्य चालते तो मुकादम. त्यास खलपुरुष ठरविणे सोपे आहे, आणि उचलीच्या व्यवहारात तो तसा अनेकदा असतोही. पण तो बहुधा त्याच पाड्याचा, त्याच बोलीचा, आणि हिशेब ठेवण्याइतके शिकलेला मनुष्य असतो. टोळीतल्या कोणाच्या घरी आजार आहे, कोणाचे दिवस भरत आले आहेत, हे त्यास ठाऊक असते. स्त्रियांच्या निंदणीच्या टोळ्यांत तर मुकादमीण ही बाईच असते आणि दिवसाचा रोज तिच्यामार्फतच ठरतो. सुरक्षिततेचे शिक्षण द्यावयाचे तर पहिला विद्यार्थी हाच मध्यस्थ असला पाहिजे, आणि जे मालकाने ऐकले ते त्याने सांगावे ही उलटी वाट सोडून त्यास थेट शिकविले पाहिजे. टोळीची हजेरी व चुकती रक्कम त्याने टोळीपुढे वाचून दाखवावी, इतकी अट जरी रूढ झाली तरी पुष्कळ भांडणे जागच्या जागी मिटतील.

स्त्रियांच्या बाबतीत स्वतंत्र विचार करणे भाग आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, तरी बाईचा रोज आणि माणसाचा रोज हे दोन वेगळे आकडे खान्देशात कोणासही सांगता येतात, आणि ते सांगताना कोणी संकोचत नाही. समर्थन असे केले जाते की जड काम पुरुष करतात. वस्तुतः उकिडवे बसून दिवसभर निंदणी करणे हे जड काम आहे की नाही, हे कंबरेस विचारावे. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याचे खुरपे वापरावयास लावीत, कारण वाकलेला मजूर काम करतो आहे हे देखरेख करणाऱ्यास लांबून दिसे. त्या खुरप्याने पाठी मोडतात हे वैद्यकीय साक्षीने सिद्ध होऊन १९७५ साली तेथे ते हत्यार कायद्याने बंद झाले. आमच्याकडे लांब दांड्याचे सायकल कोळपे व हातकोळपे कृषी विद्यापीठांनी तयार केले आहेत. ते विकत घेण्याचा निर्णय मात्र, ज्याची कंबर दुखत नाही त्याच्या हातात आहे. लेकुरवाळीच्या मुलासाठी बांधावर सावली, पिण्याचे पाणी आणि आडोसा ह्या गोष्टींस कार्यस्थळाचे समावेशन असे भारदस्त नाव देता येईल. बायांच्या बोलण्यात त्या फक्त 'सोय' ह्या नावाने येतात आणि कोणत्या मळ्यात सोय आहे व कोणत्या नाही ह्याची खबर टोळ्यांत बिनचूक फिरत असते.

उन्हाची गोष्ट निघालीच आहे तर एक विसंगती नोंदवून ठेवतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीच्या झाडास किती थंडी व किती उष्णता किती दिवस सोसवत नाही, ह्याचे कोष्टक शासनाने ठरवून दिले आहे, आणि पारा त्या पलीकडे गेला की खातेदारास भरपाई मिळते. त्याच बागेत त्याच उन्हात राबणाऱ्या माणसासाठी असे कोष्टक नाही. ज्येष्ठाच्या तोंडाशी वादळ येऊन उभ्या बागा आडव्या होतात तेव्हा तलाठी व कृषी सहायक पंचनामा करतात. झाडे मोजली जातात, आणि मोजलीच पाहिजेत, कारण शेतकऱ्याचे वर्ष त्यात बुडालेले असते. पण त्या बागेच्या कापणीवर ज्यांची पुढच्या महिन्याची मजुरी अवलंबून होती, त्यांचा पंचनामा करण्याचा रकाना त्या कागदात नाही.

ह्याहून कठोर उदाहरण रस्त्यावरचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ, पपईने भरलेली मालमोटार रात्री उलटली आणि मालावर बसून घरी परतणाऱ्या मजूर कुटुंबांतील किमान पंधरा माणसे, बायकामुलांसह, दबून मेली. बहुतेक रावेर तालुक्यातली होती. फळ काढणाऱ्या टोळीने फळाच्याच गाडीवर बसून परतावे ही केळी-पपईच्या व्यापारातील नित्याची रीत आहे. व्यापारी माल बागेतच विकत घेतो, कापणीची टोळी तोच पाठवितो, गाडी तोच ठरवितो. आणि माणसे मेली म्हणजे त्यांचा मालक कोण, ह्या प्रश्नावर सर्वत्र शांतता पसरते. शेतकरी म्हणतो माल विकला. व्यापारी म्हणतो टोळी मुकादमाची. मुकादम स्वतः त्याच गाडीवर असतो.

कायद्याने ह्यावर काय करता येईल? चहा, कॉफी, रबर ह्यांच्या मळ्यांतील मजुरांसाठी १९५१ चा मळे कामगार कायदा झाला. घर, दवाखाना, पाळणाघर ह्यांची तरतूद त्यात होती. इतर पिकांच्या जमिनींस तो लागू करण्याची मुभा राज्य सरकारास होती, पण निदान पाच हेक्टर क्षेत्र आणि पंधरा मजूर अशी मर्यादा असल्याने यावलच्या दोन-चार एकरांच्या बागांस त्याचा उपयोग फारसा झाला नसता. केरळने १९७४ साली शेतमजुरांचा स्वतंत्र कायदा केला आणि पुढे कल्याण निधी उभारला, तो मार्ग अधिक जवळचा आहे. परंतु त्याहूनही जवळचा नमुना आपल्याच घरी आहे. मालक अनेक, मजूर अनेक, काम दररोज निराळ्या दारात, ही जी अडचण केळीपट्ट्यात आहे तीच मुंबईच्या धक्क्यांवर व बाजारांत हमालांची होती. अण्णासाहेब पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील माथाडींच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा निघाला आणि त्याने मालक व कामगार ह्या दोघांचीही नोंदणी करणारे मंडळ निर्माण केले. मजुरी मंडळात जमा होते, वरची लेव्हीही तेथेच, आणि भविष्यनिर्वाह निधी, दवापाणी त्यातून चालते. केळीचा घड डोक्यावरून वाहणारा मजूर माथाडी नव्हे असे म्हणण्यास जीभ वळावयाची नाही.

बाहेरच्या जगातही जेथे हा प्रश्न थोडाबहुत सुटला, तेथे तो खरेदीदारास धरूनच सुटला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोमॅटोच्या शेतांत इमोकली येथील मजुरांच्या संघटनेने मोठमोठ्या खरेदीदारांकडून पौंडामागे एक सेंट जादा देण्याचे करार करून घेतले, आणि २०११ पासून तेथे मजूरच मजुरास हक्कांचे शिक्षण देतो, तेही कामाच्या वेळात, त्या वेळेची मजुरी चालू ठेवून. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्याकडील प्रशिक्षणवर्ग दिवसा भरतो आणि रोज बुडवून त्यास बसण्याची ऐपत ज्यास आहे तोच तेथे बसतो. यावल-रावेरच्या निर्यातक्षम केळीने अशीच एक दारफट उघडली आहे: परदेशी खरेदीदार सुरक्षित शेतीपद्धतीचे ग्लोबलगॅप प्रमाणपत्र मागतात, त्यात मजुरांच्या आरोग्याच्या व सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची कलमे आहेत, आणि त्यास जोडून असलेल्या सामाजिक तपासणीत कामगारांचा प्रतिनिधी असावा अशीही अपेक्षा आहे. हा प्रतिनिधी कागदावर तयार करणे अवघड नसते. केळी धुऊन, वजन करून खोक्यात भरणाऱ्या बाया स्वतः एकीला निवडतील आणि ती तपासनिसापुढे मालक बाहेर उभा असताना बोलेल, तेव्हा त्या कलमास अर्थ येईल. परंतु हा निर्यातीचा व्यवहार एकूण केळीच्या मानाने थोडा, आणि त्याबाहेरचा सगळा माल देशी बाजारात जातो.

म्हणून आरंभ देशी व्यापाराच्या कागदापासूनच करावा लागेल. केळीच्या ज्या व्यापाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना आहे, त्याच्या बाबतीत टोळीचा मालक कोण ह्या प्रश्नास निदान एक नाव-पत्त्यासह उत्तर उपलब्ध आहे. प्रत्येक गाडीची वजनपावती होते. तीवर शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव आणि गाडीचा क्रमांक असतो. त्या पावतीवर टोळीच्या मुकादमाचे नाव आणि कापणी-भराईस लागलेल्या माणसांची संख्या ह्यांसाठी दोन ओळी वाढवाव्या, टोळी निराळ्या वाहनाने परतल्याची खूण करावी, आणि क्विंटलमागे ठरावीक लेव्ही बाजार समितीने कापून माथाडी मंडळाकडे भरावी, एवढे करण्यास नवा कायदा लागतोच असे नाही. माथाडी कायद्याची व्याप्ती वाढविण्याचा अधिकार शासनाकडे आहे आणि उपविधी बाजार समितीच्या हातचे आहेत. व्यापारी ह्यास विरोध करतील, भाव पडेल असे शेतकऱ्यास सांगतील, आणि शेतकऱ्यास ते काही काळ खरेही वाटेल, कारण आजवर प्रत्येक वेळी मजुराच्या नावाची कपात शेवटी त्याच्याच पट्टीतून झालेली आहे. लेव्ही व्यापाऱ्याच्या बाजूने लिहिली जाईल की शेतकऱ्याच्या, ह्यावर ह्या सूचनेचे भवितव्य ठरेल, आणि ते ठरविणाऱ्या सभेत बाजार समितीचे सभासद शेतकरी, अडते व व्यापारी आहेत, हमाल-मापाड्यांचाही एक प्रतिनिधी असतो. टोळीचा अद्याप नाही.